ब्लॉकचेनमध्ये स्वतंत्र संशोधन: तिसरा कोर्स नको, अकरावा विभाग उघडा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला पाच वर्षे बॅकएंड डेव्हलपर म्हणून काम करणाऱ्या एका वाचकाने स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारे प्रोग्राम) लिहिण्याची सॉलिडिटी ही भाषा शिकून घेतली आहे. दोन ऑनलाइन कोर्स झाले, टेस्टनेटवर, म्हणजे सरावाच्या जाळ्यावर, स्वतःचे टोकनही चढवून झाले. आता ब्लॉकचेनचा वरच्या पातळीचा अभ्यास करून स्वतंत्र संशोधन करायचे आहे. घरच्या जबाबदाऱ्या आहेत, नोकरी सोडून पीएचडीला जाणे शक्य नाही, रोज जेमतेम दोन तास मिळतात. सुरुवात कुठून करावी, गणित किती लागेल, आणि विद्यापीठाचे नाव पाठीशी नसताना कोणी दखल घेईल का?

तिसरा कोर्स करू नका, ही माझी पहिली सूचना. कोर्समध्ये ठरून गेलेल्या गोष्टी शिकवतात, आणि त्या तुम्ही शिकला आहात. संशोधनाची सवय वेगळ्या कामाने लागते. कुणीतरी केलेला एक दावा उचलायचा आणि तो खरा आहे का, हे स्वतःच्या हाताने तपासायचे. या बाबतीत आपले क्षेत्र फार उदार आहे. औषधांवर संशोधन करायचे तर प्रयोगशाळा लागते, परवानग्या लागतात. इथे दावे उघड आहेत, कोड उघड आहे, आणि २००९ पासूनचा बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार नोड, म्हणजे साखळीची प्रत ठेवून ती पडताळणारा संगणक, चालवणाऱ्या कोणालाही उपलब्ध आहे. मी स्वतः आधी डेटाबेसच्या कामात होतो. गेली बारा वर्षे प्रोटोकॉल आणि स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट तपासण्याचे काम करतो आहे, आणि माझ्याकडेही पीएचडी नाही. म्हणून जे सांगतो ते ऐकीव नाही.

पहिला दावा कोणता घ्यायचा, तेही सांगतो. सातोशी नाकामोतो या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेला बिटकॉइनचा व्हाइटपेपर, म्हणजे मूळ निबंध, काढा. अवघी ९ पाने आहेत. तुम्ही तो वाचला असेलच, पण अकरावा विभाग बहुधा चाळून सोडला असेल. जवळजवळ सगळेच सोडतात, कारण तिथे समीकरणे सुरू होतात. तोच विभाग वही-पेन घेऊन सोडवायचा आहे.

प्रश्न साधा आहे. दुकानदाराला पैसे मिळाले. माल देण्याआधी त्याने किती ब्लॉक (साखळीला जोडले जाणारे व्यवहारांचे गठ्ठे) थांबावे? समजा, हल्लेखोराकडे जाळ्यातल्या एकूण हॅशशक्तीपैकी, म्हणजे ब्लॉक शोधणाऱ्या गणनशक्तीपैकी, १० टक्के आहे. त्याने दुकानदाराला पैसे दिले, आणि त्याच वेळी गुपचूप दुसरी साखळी बांधायला घेतली. त्या साखळीत तेच पैसे त्याने परत स्वतःकडे वळवले आहेत. दुकानदार एकच ब्लॉक थांबतो. फसवणूक साधण्याची संभाव्यता किती?

हाताने करून पाहू. पुढचा ब्लॉक कोणाला मिळणार, ही दर वेळी नाणेफेकच आहे, फक्त नाणे एकीकडे झुकलेले आहे. प्रामाणिक मायनरांच्या, म्हणजे ब्लॉक शोधणाऱ्यांच्या, बाजूने ०.९, हल्लेखोराच्या बाजूने ०.१. प्रामाणिकांचा पहिला ब्लॉक येण्याआधी हल्लेखोराला निदान एक ब्लॉक मिळालेला असण्याची संभाव्यता ०.१. तसे झाले तर तो बरोबरीत किंवा पुढे आहे, आणि पेपरमध्ये बरोबरीलाही यशच धरले आहे. उरलेल्या ०.९ मध्ये तो एका ब्लॉकने मागे आहे. एका ब्लॉकची पिछाडी कधी ना कधी भरून काढण्याची संभाव्यता ०.१ भागिले ०.९, म्हणजे १/९. हे जुगाऱ्याच्या दिवाळखोरीचे जुने गणित आहे, आणि नाकामोतो यांनीही त्यासाठी विल्यम फेलर यांच्या संभाव्यताशास्त्रावरील पुस्तकाचा हवाला दिला आहे. आता बेरीज करा. ०.१ अधिक ०.९ गुणिले १/९, म्हणजे ०.२. बरोबर वीस टक्के.

मग पेपरमध्ये दिलेला सी भाषेतला छोटा कोड चालवा. त्याच प्रश्नाला तो उत्तर देतो ०.२०४५८७३.

इथे थांबा. दोन उत्तरे जुळत नाहीत, आणि तुमचे गणित तर शाळकरी पातळीचे होते, चूक लपायला जागाच नव्हती. हा जो अस्वस्थ क्षण आहे ना, त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप. कोर्समध्ये तो येत नाही, कारण तिथे उत्तर नेहमी जुळते.

फरकाचे कारण शोधायला मला एक रविवार लागला होता. नाकामोतो यांनी असे धरले की प्रामाणिक मायनरांना ब्लॉक शोधायला नेमका सरासरीइतकाच वेळ लागला. मग त्या ठरावीक वेळात हल्लेखोराची प्रगती प्वासाँ वितरणाने (ठरावीक वेळात घटना किती वेळा घडेल याच्या सूत्राने) मोजता येते. पण तो वेळ ठरावीक नसतो, तोही नशिबावर वरखाली होतो. कधी प्रामाणिकांना ब्लॉक मिळायला पाऊण तास लागतो, आणि तेवढा वेळ हल्लेखोरालाही फुकट मिळतो. हे धरून गणित केले की प्वासाँच्या जागी ऋण द्विपद वितरण (प्रामाणिकांचे ठरावीक ब्लॉक होईपर्यंत हल्लेखोराला किती मिळतील याचे सूत्र) येते. दोन ब्लॉकसाठी पेपरचे उत्तर ०.०५०९७७९, नेमके उत्तर ०.०५६. म्हणजे एका ब्लॉकला पेपर धोका किंचित जास्त सांगतो आणि दोनपासून पुढे कमी सांगू लागतो. सहा ब्लॉकला पेपर म्हणतो ०.०००२४२८, खरे उत्तर ०.०००५९१४, जवळजवळ अडीचपट. पेपरमधल्या तक्त्यात लिहिले आहे की १० टक्क्यांच्या हल्लेखोरापुढे धोका हजारात एकाच्या खाली आणायला ५ ब्लॉक पुरतात. पुरत नाहीत. ५ ब्लॉकला नेमके उत्तर ०.००१७८१८ येते, ६ लागतात.

ही गोष्ट पहिल्यांदा मी शोधली नाही. इस्रायलमधील मेनी रोझेनफेल्ड यांचा याच विषयावरचा शोधनिबंध २०१४ मध्ये आर्काइव्ह या उघड निबंध-संग्रहावर आला, आणि २०१७ मध्ये सिरिल ग्रुन्स्पान व रिकार्दो पेरेझ-मार्को यांनी नेमके सूत्र मांडून सिद्धताही दिली. पण त्यांचे निबंध आधी वाचू नका. आधी स्वतःचा आकडा काढा, मग वाचा. दुसऱ्याने सोडवलेला प्रश्न पुन्हा सोडवण्यात कमीपणा नाही. गवयाचा मुलगा आधी तीच बंदिश शंभरदा गातो. यातून बिटकॉइन मोडते असेही नाही, कारण धोका तरीही घातांकी वेगानेच घटतो. पण जगातला सर्वांत जास्त उद्धृत झालेला क्रिप्टो-निबंधही पडताळावा लागतो, हे एकदा बोटांना कळले की पुढे कोणाच्याही नावाने तुम्ही दबत नाही.

गणित किती, हे आता सांगणे सोपे झाले. वरचे समजले असेल तर संभाव्यतेची पायाभरणी आहे, तिला घट्ट करा. दुसरे हवे ते मॉड्युलो (भागाकाराच्या बाकीचे) अंकगणित आणि सांत, म्हणजे मर्यादित घटकांचे, गट; हे बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचे बीजगणित. बिटकॉइनच्या सह्या ज्यावर चालतात तो वक्र आहे वाय वर्ग बरोबर एक्स घन अधिक ७, आणि तो २५६ बिटांच्या प्रचंड अविभाज्य संख्येवर चालतो. तो तसा कळत नाही. तोच वक्र १७ या अविभाज्य संख्येवर मांडा आणि सगळे बिंदू कागदावर लिहून काढा. अनंतातला बिंदू धरून १८ भरतील. का १८ च? कारण १७ ला ३ ने भागले की बाकी २ उरते, त्यामुळे प्रत्येक संख्येला घनमूळ एकच असते. त्या अठरा बिंदूंवर बेरीज करा, खासगी किल्ली (सही करण्याची गुप्त संख्या) निवडा, सही करा, पडताळा. मग एकाच यादृच्छिक अंकाने दोन वेगळ्या संदेशांवर सही करा आणि त्या दोन सह्यांवरून खासगी किल्ली परत काढून दाखवा. दोन समीकरणे, दोन अज्ञाते, आठवीतले गणित. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक-अंक यंत्रणेतल्या दोषामुळे काही वॉलेटमधून बिटकॉइन असेच चोरीला गेले होते. बातमी म्हणून वाचलेले विसरते. हाताने काढलेली किल्ली विसरत नाही.

शून्य-ज्ञान सिद्धतांकडे (गुपित न उघडता ते ठाऊक आहे हे पटवणे) जायचे असेल तर बहुपदी आणि पेअरिंगचे गणित आणखी लागेल, त्याला वर्ष द्या. डॅन बोने आणि व्हिक्टर शूप यांचे उपयोजित क्रिप्टोग्राफीवरचे पुस्तक मोफत उपलब्ध आहे. ते जाडजूड आहे, पण घाईने वाचायचे पुस्तकच नाही ते. आपल्याकडचे म्हणाल तर आयआयटी मुंबईचे सरवणन विजयकुमारन यांच्या बिटकॉइनवरच्या व्याख्यान-टिपणांनी मला फार मदत झाली. मोनेरो हे गुप्ततेवर भर देणारे नाणे ठेवणाऱ्या एक्सचेंजने आपल्याकडे खरोखर तेवढी नाणी आहेत हे तपशील उघड न करता कसे सिद्ध करावे, यावर त्यांचे काम आहे. असे काम पवईत बसून होते, हे नाशिकच्या माणसाला ठाऊक असायला हवे.

वाचनाबद्दल एवढेच म्हणेन की २००८ च्या मागे जा. व्हाइटपेपरच्या आठ संदर्भांपैकी तीन स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांच्या कामाचे आहेत. १९९१ मध्ये या दोघांनी प्रश्न घेतला होता की एखादा कागद अमुक तारखेला अस्तित्वात होता हे कसे सिद्ध करावे, आणि उत्तरात हॅशची, म्हणजे मजकुराच्या अंकरूपी ठशांची, साखळी आली. पुढे त्यांच्या कंपनीने त्या साखळीचा हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. साखळी तिथेच होती. नाणे, मायनिंग आणि बक्षीस नंतर आले. तसेच लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीज यांचा १९८२ चा बायझंटाइन सेनापतींचा निबंध, फिशर, लिंच आणि पॅटरसन यांची १९८५ ची अशक्यतेची सिद्धता, कास्त्रो आणि लिस्कोव यांचा १९९९ चा निबंध. तिन्हींचा विषय एकच, काही संगणक बिघडले किंवा खोटे बोलले तरी बाकीच्यांचे एकमत कसे व्हावे. हे तीन नीट वाचलेल्या माणसाला नव्या चेनच्या जाहिरातीतला कोणता दावा अशक्य आहे, हे बहुतेक वेळा तासाभरात ओळखता येते. टिम रफगार्डन यांची कोलंबिया विद्यापीठातली व्याख्याने यूट्यूबवर आहेत. हे निबंध जड वाटले तर आधी ती ऐका.

यापेक्षाही जास्त मी शिकलो ते मोडतोडीच्या नोंदींतून. एक सांगतो, कारण तिच्यात अख्खा विषय आहे.

मार्च २०१३. बिटकॉइनची ०.८ ही नवी आवृत्ती आली होती आणि तिच्यात आतला डेटाबेस बदलला होता. जुना बर्कली डीबी जाऊन लेव्हल डीबी आला. नियम एकही बदलला नव्हता, निदान तसे सर्वांना वाटत होते. ११ मार्चला एक मोठा ब्लॉक आला, क्रमांक २२५४३०. नव्या आवृत्तीने तो स्वीकारला आणि जुन्या आवृत्तीच्या नोडांनी नाकारला. कारण जुन्या डेटाबेसमध्ये एका वेळी किती कुलुपे (नोंद हाताळताना ती इतरांसाठी अडवून ठेवणारी) घेता येतील याला मर्यादा होती, आणि त्या ब्लॉकला तिच्याहून जास्त लागत होती. ती मर्यादा कुठल्याही कागदावर बिटकॉइनचा नियम म्हणून लिहिलेली नव्हती. तरीही ती नियमच होती, कारण हजारो नोड तिच्याप्रमाणे वागत होते. साखळी दुभंगली. नव्या आवृत्तीची साखळी लांब होती, तिच्यामागे हॅशशक्तीही जास्त होती. तरी विकासकांनी आणि मायनरांचे मोठे पूल (एकत्र मायनिंग करणारे गट) चालवणाऱ्यांनी आपसात बोलून ती सोडून दिली, मायनर मागच्या आवृत्तीवर परतले, आणि जुनी साखळी पुढे गेली. दोन डझन ब्लॉक वाया गेले. मधल्या काळात एका व्यापाऱ्याच्या बाबतीत सुमारे दहा हजार डॉलरचा दुहेरी खर्च घडला, तो करणाऱ्याने नंतर पैसे परत केले.

मी डेटाबेसवाला असल्याने ही नोंद वाचून हादरलो होतो. कुलपांची मर्यादा वाढवणे हे आमच्याकडे सोमवारी सकाळी चहाआधी करायचे काम. इथे तीच मर्यादा एकमताचा भाग होऊन बसली होती. आता या एका घटनेतून किती प्रश्न निघतात पाहा. दोन वेगळ्या टीमनी लिहिलेले नोड नेमके सारखेच वागतील याची खात्री कशी द्यायची? 'सर्वांत लांब साखळी खरी' हा नियम असताना माणसांनी लांब साखळी सोडली, मग सुरक्षेच्या सिद्धतेत त्या माणसांची जागा कुठे? इथेरियम या दुसऱ्या चेनवर १७ जून २०१६ ला द डीएओ या सामायिक निधीच्या कॉन्ट्रॅक्टमधून सुमारे ३६ लाख इथर (तिथले चलन) निघून गेले आणि २० जुलैला १९,२०,००० क्रमांकाच्या ब्लॉकवर ते परत फिरवण्यासाठी हार्ड फोर्क, म्हणजे जुन्या नियमांशी न जुळणारा बदल, झाला, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा आला. त्या वेळी उत्तर एक नव्हते म्हणून आज इथेरियम क्लासिक वेगळी चेन आहे. या विषयांवर अजून बरेच काम बाकी आहे, आणि ते करायला सुपरकॉम्प्युटर लागत नाही.

तुम्ही बॅकएंडवाले आहात. याच ठिकाणी तुमची बाजू भक्कम आहे. क्रिप्टोग्राफीत तुमच्यापुढे दहा वर्षे घालवलेली माणसे असतील, पण रांगा, कॅशे, टाइमआउट, रिट्राय, डिस्क भरल्यावर काय होते, हे तुम्हाला त्यांच्याहून जास्त कळते. विषय निवडताना त्या अनुभवाला सोडू नका.

डेटावर काम करायचा मोह सर्वांना होतो, कारण डेटा उघड आहे. तिथे मी मोठी चूक केली आहे, ती सविस्तर सांगतो. व्यवहारांची फी कधी वाढते, कधी उतरते, याचा अभ्यास मी घरच्या नोडवरून करत होतो. दर मिनिटाला मेमपूलची (ब्लॉकमध्ये जाण्याची वाट पाहणाऱ्या व्यवहारांच्या साठ्याची) नोंद, सात महिने. आलेख सुंदर येत होते. फीची ठरावीक शांतता दुपारी दिसत होती, आणि मी त्यावर कारणमीमांसाही लिहून ठेवली होती. अमेरिका झोपलेली असते वगैरे. मग एका मित्राने विचारले, तुझ्याकडे दुपारी वीज जाते का? जात होती, मुख्यतः उन्हाळ्यात. इन्व्हर्टरवर संगणक चालू राहायचा, पण रस्त्यावरच्या पेटीतले इंटरनेट बंद पडायचे. नोड चालू, पण बाहेरचे काहीच येत नाही, आणि माझी स्क्रिप्ट जुनाच मेमपूल पुन्हा पुन्हा नोंदवते आहे. मला दिसलेली शांतता बाजारातली नव्हती, माझ्या गल्लीतली होती. सात महिन्यांपैकी निम्मा डेटा टाकून द्यावा लागला.

त्या चुकीखाली आणखी एक चूक होती. मी 'मेमपूल' असे एकवचनात म्हणत होतो. तसे काही नसतेच. प्रत्येक नोडचा मेमपूल आपला आपला असतो. बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य नोड-सॉफ्टवेअरमध्ये त्याला मुळात ३०० एमबीची मर्यादा आहे, भरला की कमी फीचे व्यवहार बाहेर फेकले जातात, आणि दोन आठवडे पडून राहिलेला व्यवहारही काढला जातो. म्हणजे जे तुम्ही मोजता ते जग नसते, तुमच्या खिडकीतून दिसणारे जग असते. तेव्हापासून माझा नियम आहे की वेगवेगळ्या ठिकाणचे निदान तीन नोड, प्रत्येकाची स्वतःच्या प्रकृतीची वेगळी नोंद, आणि आलेख काढण्याआधी गॅप मोजणे.

उघड डेटावरचे चांगले काम कसे असते, याचा नमुना म्हणून अर्जेंटिनाचे सर्जिओ देमियन लर्नर यांचे २०१३ चे विश्लेषण पाहा. सुरुवातीच्या ब्लॉकमध्ये एक्स्ट्रानॉन्स नावाचा एक किरकोळ आकडा असतो. तो कसा वाढत जातो हे त्यांनी आलेखावर मांडले आणि तिरक्या रेषा दिसल्या. एकाच मायनरने फार मोठा हिस्सा काढला होता, दहा लाख बिटकॉइनच्या आसपास. तो डेटा चार वर्षे सर्वांसमोर पडून होता. कोणी त्या आकड्याकडे पाहिलेच नव्हते.

पत्त्यांचे गट पाडून 'हे सगळे एकाच माणसाचे' असे ठरवण्याच्या कामात मात्र हात आखडता घ्या. एका व्यवहारात अनेक पत्त्यांतून पैसे आले तर ते एकाच मालकाचे, हे गृहीतक बरेचदा चालते, आणि कॉइनजॉइनसारख्या, म्हणजे अनेकांनी मुद्दाम एकत्र केलेल्या, व्यवहारात साफ फसते. तुमच्या आलेखातल्या ठिपक्यामागे माणूस असतो. चुकीच्या गटात टाकलेल्या पत्त्यावरून उद्या कुणाचे खाते गोठू शकते. नावे जोडू नका, आणि चूक किती टक्के असू शकते हे निष्कर्षाच्या शेजारीच लिहा.

सिम्युलेशनचा एक सराव आवर्जून करा, तो म्हणजे स्वार्थी मायनिंग. इत्ताय एयाल आणि एमिन गुन सिरर यांनी २०१३ मध्ये दाखवले की सापडलेला ब्लॉक लगेच जाहीर न करता लपवून ठेवणारा मायनर, एकूण शक्तीच्या एक तृतीयांशाहून जास्त वाटा असेल तर, आपल्या वाट्यापेक्षा जास्त ब्लॉक मिळवू शकतो. दोन ब्लॉक एकाच वेळी समोर आले तेव्हाच्या शर्यतीत अर्धे जाळे त्याच्या बाजूने झाले तर एक चतुर्थांशच पुरतो. पायथनमध्ये शंभर ओळींत हे बसते. आकडे जुळले की मग विचारा की 'जास्त वाटा' म्हणजे 'जास्त पैसे' का? तो ब्लॉक लपवत असताना सर्वांचेच ब्लॉक वाया जातात, त्याचेही. दर २०१६ ब्लॉकनंतर बदलणारी ब्लॉक शोधण्याची काठिण्यपातळी उतरत नाही तोवर तो तोट्यातच असतो. वर उल्लेख केलेल्या ग्रुन्स्पान आणि पेरेझ-मार्को यांनीच हे पुढे नेमकेपणाने मांडले. मॉडेलमधून वेळ वगळली की काय निसटते, याचा हा दुसरा धडा. पहिला तुम्ही अकराव्या विभागात घेतलाच असेल.

पैशांबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. ज्या नाण्यावर संशोधन करता, ते बाळगू नका. बाळगत असाल तर निबंधाच्या पहिल्या पानावर लिहा. किंमत चढली की आपल्याला सिद्धता पटू लागतात, हे मी चांगल्या चांगल्या माणसांच्या बाबतीत पाहिले आहे. अभ्यासाला पैसा लागतही नाही. बिटकॉइनचा रेगटेस्ट, म्हणजे खासगी चाचणी-जाळे, आपल्या लॅपटॉपवर चालतो, तिथे हवे तेवढे ब्लॉक काढता येतात. पूर्ण साखळी सहाशे जीबीच्या वर गेली आहे, पण प्रूनिंग (जुने ब्लॉक पुसत जाण्याची सोय) लावले तर ब्लॉकचे ५५० एमबी ठेवूनही नोड सगळे पडताळतो. मात्र जुना इतिहास चाळायचा असेल तर मोठी डिस्क घ्याच. परदेशी संस्थांचे अनुदान क्रिप्टोत मिळाले तर २०२२ पासून आपल्याकडे हस्तांतराच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि १ टक्का टीडीएस आहे. पैसे हातात येण्याआधी सीएला विचारा.

आणि एक. तुम्हाला कधीतरी खरा दोष सापडेल. तेव्हा सप्टेंबर २०१८ आठवा. बिटकॉइन कोअरमध्ये एकच नाणे एका व्यवहारात दोनदा खर्च करून नवी नाणी निर्माण करता येतील, असा दोष होता. तो शोधणारा बिटकॉइन कॅश या प्रतिस्पर्धी गोटातला विकासक होता. त्याने तो गुपचूप विकासकांना कळवला. दुरुस्त आवृत्ती दुसऱ्याच दिवशी आली, आणि दोषाचे पूर्ण गांभीर्य ती पसरू लागल्यावरच जाहीर झाले. आधी खासगीत कळवायचे, मुदत द्यायची, मग लिहायचे. ट्विट करून नाव कमावण्याचा मोह त्या रात्री फार मोठा असतो. त्या रात्री झोपा आणि सकाळी ईमेल लिहा.

आपल्याकडे हल्ली विचारणा होते की सातबारा ब्लॉकचेनवर टाकला तर जमिनीचे घोटाळे थांबतील का, यावर संशोधन करू का. करा, पण प्रश्न नीट मांडा. साखळी एवढेच सांगते की नोंद झाल्यापासून ती बदललेली नाही. फेरफार घालतानाच वारसाचे नाव गाळले असेल तर तेही तितक्याच भक्कमपणे जपले जाईल. ज्यांचा एकमेकांवर विश्वास नाही असे लिहिणारे कोण, आणि किती? नोंद करणारे कार्यालय एकच असेल तर हेबर आणि स्टॉर्नेटा यांची १९९१ ची हॅशची साखळी आणि वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात पुरेल. मायनरही नको, टोकनही नको. असा निष्कर्ष काढणारा निबंध मला वाचायला आवडेल.

दखल घेतली जाईल का, या प्रश्नावर माझे उत्तर होय असे आहे, कारण मी हे होताना पाहिले आहे. क्रिप्टोग्राफी संशोधकांच्या ईप्रिंट संग्रहाला संस्थेचे नाव लागत नाही. आर्काइव्हवर नव्या माणसाला आधीच्या लेखकाची शिफारस लागते, आणि ती मिळवायची तर प्राध्यापकाला बायोडेटा पाठवू नका. दोन पानांत निकाल लिहा, सोबत चालणारा कोड द्या, एकच नेमका प्रश्न विचारा. असे पत्र बिनउत्तरी क्वचितच राहते. बिटकॉइन कोअरचे बदल तपासणारा अभ्यासगट २०१९ पासून आहे, सगळ्या चर्चा उघड आहेत. सहा महिने तिथे फक्त वाचा आणि चाचण्या चालवून पाहा. चाचणी लिहून पाठवणे हा आत शिरायचा सर्वांत साधा दरवाजा आहे. फायनान्शियल क्रिप्टोग्राफी ही परिषद या विषयाची जुनी जागा आहे, तिथले गेल्या तीन वर्षांचे निबंध नुसते शीर्षकांवरून चाळले तरी कोणते प्रश्न जिवंत आहेत ते कळते.

रोजचे दोन तास कसे वापरायचे? पाच दिवस एकच निबंध, आणि शनिवारी-रविवारी त्यातला एक आकडा स्वतः काढायचा. वहीत तारीख घालून लिहा. काय वाटले होते, काय निघाले. न जुळलेले आकडे खोडू नका. माझ्या सात महिन्यांच्या नोंदींत 'दुपारी नेट नव्हते' एवढे तीन शब्द कुठेतरी लिहिलेले असते, तर मित्राला विचारावे लागले नसते.

येत्या शनिवारी अकरावा विभाग घ्या. १० टक्क्यांचे मी करून दाखवले. तुम्ही ३० टक्क्यांचा हल्लेखोर घ्या. पेपरचा तक्ता म्हणतो की धोका हजारात एकाच्या खाली आणायला २४ ब्लॉक पुरतात. नेमक्या वितरणाने आकडा किती येतो, तो मी इथे लिहीत नाही. कोडही नको, आधी सूत्र कागदावर मांडून मला पाठवा, आणि आकडा तिसाच्या आत आला तर पाठवण्याआधी पुन्हा एकदा तपासा.